लहान मुलांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती: क्लास लावावा की खेळू द्यावं?

बालवाडीताई

नमस्कार मंडळी,

गेली बरीच वर्षं पुण्यात कोथरूडच्या एका बालवाडीत शिकवतेय. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत दोन प्रश्न ठरलेले असतात. 'ताई, हा दोन मिनिटं एका जागी बसत नाही', आणि 'काल करून घेतलेलं आज साफ विसरते'. मूल केवढं? तीन, साडेतीन वर्षांचं. यंदा तिसराही प्रश्न आला, हातात पत्रक धरून: 'हा स्मरणशक्तीचा क्लास लावू का?' पत्रकावर मेंदूचं रंगीत चित्र, खाली वर्षाची फी, तीही आगाऊ. एवढे पैसे घालायला लोक तयार होतात ते काळजीपोटीच. त्या काळजीला नीट उत्तर मिळावं म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाग्रतेसाठी वेगळा क्लास लागत नाही. त्याला लागतो नियम असलेला खेळ, सोबत खेळणारं कुणीतरी, आणि ते रमलेलं असताना त्याला तिथून न उठवणारी मोठी माणसं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, असा माझा अनुभव.

आपण सरसकट 'लक्ष' म्हणतो त्यात तीन वेगवेगळी कामं असतात. मनाला आवर घालणं, सांगितलेलं काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की जुनं सोडून नव्याकडे वळणं. तीन ते पाच या वयात तिन्ही झपाट्याने वाढतात, पण तिसऱ्या वर्षी ती फार कच्ची असतात. मानसशास्त्रात पत्त्यांचा एक साधा प्रयोग करतात. ससे आणि होड्यांची लाल-निळी चित्रं आधी रंगाप्रमाणे लावायची, मग सांगायचं की आता आकाराप्रमाणे लाव. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडाने बरोबर सांगतं आणि हाताने मात्र रंगाप्रमाणेच लावत राहतं. पाच वर्षांचं बहुतेक वेळा सहज वळतं. 'कळतं सगळं, पण मुद्दाम ऐकत नाही' असं वाटलं की हा प्रयोग आठवा. बऱ्याचदा तो हट्ट नसतो, वळण्याची ताकदच अजून आलेली नसते.

आता तळ्यात-मळ्यात घ्या. जमिनीवर एक रेघ, अलीकडे मळा, पलीकडे तळं. 'तळ्यात, मळ्यात, तळ्यात, तळ्यात!' त्या दुसऱ्या 'तळ्यात'ला जो उडी मारतो तो चुकला. आमच्या वर्गात साडेचार वर्षांची एक मुलगी आहे. सुरुवातीला ती शेजारणीचे पाय बघून उडी मारायची. त्यामुळे दरवेळी जरा उशीर व्हायचा, आणि शेजारीण चुकली की हीही चुकायची. दिवाळीच्या सुमाराला तिने पायांकडे बघणं सोडलं. आता ओठ घट्ट मिटते, दोन्ही हातांनी फ्रॉकची कड धरते, आणि दुसऱ्या 'तळ्यात'ला गुडघे वाकतात पण पाय उचलत नाही. ते वाकून थांबलेले गुडघे बघायला मी पालकांना मुद्दाम बोलावते. हीच ती एकाग्रता, असं दाखवायला. 'शिवाजी म्हणतो', 'चिमणी उड', 'स्टॅच्यू', 'डोंगर का पाणी' या सगळ्यांत मुलं हेच करत असतात.

स्मरणशक्तीसाठी ताटातल्या वस्तू. हळदीकुंकवाला बायका खेळतात तोच खेळ, पण वस्तू चार-पाचच: पळी, लिंबू, किल्ली, रबर, बाटलीचं टोपण. बघून झालं की वर पंचा टाकायचा, हळूच एक काढायची, 'काय गेलं?' मोठ्या माणसाच्याही चालू कामापुरत्या स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. मग चार वर्षांच्या मुलापुढे वीस वस्तू कशाला?

आणखी एक. जॉन फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवलं की पाच वर्षांची बहुतेक मुलं लक्षात ठेवायला म्हणून मनात घोकत नाहीत. दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते जमतं. म्हणून नुसत्या 'लक्षात ठेव हं' या सांगण्याचा चार वर्षांच्या मुलाला फारसा उपयोग होत नाही. त्याला त्या वस्तूंची गोष्ट करून द्या. आमच्याकडचा एक जण पंचा पडायच्या आत पुटपुटतो, 'लिंबू पळीत झोपलंय, किल्ली त्याला उठवतेय.' त्याची वस्तू क्वचितच चुकते.

तुम्ही घरी काय खेळता ते लिहा. अडचणीही लिहा.

वाकडची_आई

ताई, फार वेळेवर धागा काढलात. मुलगा चार वर्षांचा. आम्ही दोघंही हिंजवडीला नोकरीला, दिवसभर तो सासूबाईंकडे. खेळणी इतकी आहेत की दोन मोठे खोके भरलेत, पण एकाही खेळण्याशी पाच मिनिटं टिकत नाही. हे काढ, ते फेक. मग मोबाइल मागतो आणि त्यात मात्र तासभर हलत नाही. म्हणजे लक्ष आहे ना त्याच्याकडे? मग खेळण्यात का नाही?

बालवाडीताई

वाकडची_आई, मोबाइलमधलं चित्र सारखं बदलतं आणि लक्ष खेचून घेतं. मुलाला स्वतःहून काही धरून ठेवावं लागत नाही. ठोकळ्यांचा मनोरा करताना पुढचा ठोकळा कुठला हे त्यालाच ठरवावं लागतं. दोन्हीकडे मूल शांत दिसतं, पण काम फार वेगळं चाललेलं असतं.

खोक्यांबद्दल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. एक खोकं माळ्यावर टाका, दुसऱ्यातली चार-पाच बाहेर ठेवा, पंधरवड्याने बदला. बदललेली खेळणी मुलाला नवीच वाटतात.

एक विचारते, राग मानू नका. दिवसा हॉलमध्ये टीव्ही चालू असतो का?

वाकडची_आई

असतो. सासूबाईंच्या मालिका. पण तो त्याकडे बघतही नाही, खाली खेळत असतो.

बालवाडीताई

नेमकं तेच तपासलेलं आहे. २००८ मधल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे क्षणभरच नजर टाकायची, तरी त्यांचा खेळ आखूड झाला आणि खेळातलं सलग लक्ष घटलं. आवाज बदलला की मान वर, परत खाली, आणि तोवर भातुकलीतला चहा कुणासाठी चालला होता ते विसरायला होतं.

सासूबाईंना मालिका बंद करा म्हणू नका, दिवसभर मूल त्या सांभाळतात. त्याच्या खेळाचा एक तास ठरवा आणि तेवढा वेळ टीव्ही बंद. त्याच तासात त्यांच्यासोबत मटार सोलणं, मेथी निवडणं, चवळी आणि मूग वेगळे करणं. घरात तीन वर्षांखालचं दुसरं मूल असेल तर दाणे, चिंचोके, मणी हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. आणि खेळण्यातले बटण सेल कुठल्याच वयाच्या हाती नकोत.

पेठेतले_आजोबा

वाचून समाधान वाटले. आमचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती, मग ओट्यावर सगळ्या बिऱ्हाडांतल्या मुलांचा पर्वचा. पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढेसुद्धा. सत्तरी उलटली तरी निमकी तोंडपाठ आहे. नातवाला मी हे शिकवू लागलो तर सूनबाई म्हणतात, बाबा, घोकंपट्टी नको. पाठांतराने स्मरणशक्ती वाढत नाही काय?

शंकेखोर

आजोबा, आदराने लिहितो. पाठांतराने जे पाठ केलं ते पाठ होतं. त्याने एकूण स्मरणशक्तीच वाढते, म्हणजे निमकी पाठ असलेल्याला माणसांचे चेहरेही जास्त लक्षात राहतात, असं दिसलेलं नाही. संगणकावरच्या मेंदूच्या व्यायामांचंही तेच. ज्या खेळाचा सराव करावा तो आणि त्याच्या अगदी जवळचा सुधारतो, दूरची कामं फारशी नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातीचा आरोप ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर देऊन तो मिटवला.

ताई, माझा प्रश्न तुम्हालाही आहे. मग तळ्यात-मळ्यात खेळून मूल वर्गात लक्ष देईल हे कशावरून?

बालवाडीताई

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. कुठलाही एक खेळ घेऊन 'याने लक्ष वाढतं' असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझ्यात आणि त्या पत्रकात फरक काय राहिला? पण मूल दिवसातले कितीतरी तास खेळतं. त्यात आपली पाळी येईपर्यंत थांबणं येतं, नियम धरून ठेवणं येतं, भांडण झाल्यावर परत जमवून घेणं येतं. इतका सराव आठवड्यातून दोनदा तासभराच्या क्लासमध्ये कसा होणार? आणि मूल खेळताना जे करू शकतं ते नुसतं सांगून करत नाही. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने यावर फार जोर दिला होता. पाच वर्षांच्या मुलाला 'हलू नकोस' म्हणा, लगेच चुळबुळ सुरू. 'तू गडावरचा पहारेकरी आहेस' म्हणा, आणि बघा किती वेळ उभा राहतो. दिवाळीत किल्ला करताना नक्की करून बघा.

आजोबा, पर्वचा जरूर म्हणून घ्या. फक्त समोर बसवून परीक्षा नको. तुमच्या ओट्यावर ताल होता, सगळ्यांचा मिळून आवाज होता, पुढच्या ओळीची वाट बघणं होतं. एक ओळ तुम्ही, एक ओळ नातू. मधेच तुम्ही मुद्दाम चुका आणि त्याला पकडू द्या. चूक पकडायची म्हणजे कान लावून ऐकावंच लागतं. सूनबाईंचीही हरकत राहणार नाही.

पेठेतले_आजोबा

मुद्दाम चुकण्याची कल्पना आवडली. आज संध्याकाळीच करतो. चिऊताई-काऊदादाच्या गोष्टीतही हे जमेल. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते' हा क्रम उलटा सांगितला की नातू ओरडतोच.

हडपसरचा_बाबा

मला 'मधला मेंदू जागा करतो' म्हणणाऱ्या क्लासबद्दल विचारायचंय. ऑफिसमधल्या एकाची मुलगी जाते. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखते, वाचते. व्हिडिओ पाहिला, खरंच वाचत होती. बायको म्हणते आपणही लावू.

शंकेखोर

बाबा, अजिबात नको. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खाली दिसतं. व्हिडिओ पुन्हा बघा, मूल कागद नाकाच्या रेषेत खाली धरतं आणि मान किंचित वर करतं. कागद कपाळापुढे धरा, किंवा फट नीट बुजवा, वाचन थांबतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी हे वेळोवेळी उघड करून दाखवलंय. मला पैशांपेक्षाही वाईट याचं वाटतं की पाच-सहा वर्षांचं मूल फटीतून बघतंय हे त्याला स्वतःला माहीत असतं, आणि सगळे टाळ्या वाजवतात म्हणून ते गप्प बसतं.

बालवाडीताई

शंकेखोर यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. बाबा, तुमच्या पत्नीला हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

मनमोर

मी मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीत काम करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

'लक्ष देत नाही' म्हणून मूल आलं की आम्ही आधी कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगतो. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि काही दिवस कमी ऐकू येतं. मूल ते सांगत नाही, कारण त्याला ते वेगळं काही वाटतच नाही. मागून हळू आवाजात हाक मारून बघा.

दुसरी गोष्ट झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, स्क्रीन एक तासाच्या आत, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल. आपल्याकडे रात्री साडेदहाला जेवणं उरकतात आणि सकाळी साडेसातला शाळेची व्हॅन येते. मॅसॅच्युसेट्समध्ये बालवाडीतल्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. दुपारी झोपू दिलेल्या मुलांना तो जास्त आठवला. २०१३ मधला अभ्यास आहे हा. ज्यांना दुपारी झोपायची सवय होती त्यांना फायदा जास्त दिसला. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप मोडून त्याला कुठल्याही क्लासला नेऊ नका.

तज्ज्ञांकडे कधी जायचं? घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा-सहा महिने तीच तक्रार असेल, मूल स्वतःच्या आवडीच्या खेळातही अजिबात रमत नसेल, बोलणं उशिरा आलं असेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर थांबू नका. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटच्या दोन्ही बाबतींत तर वय दीड-दोन असलं तरी दाखवा. घरच्या खेळांनी बघू म्हणून वर्ष घालवू नये.

हडपसरचा_बाबा

शंकेखोर, व्हिडिओ परत पाहिला. तुम्ही म्हणता तसंच आहे. धन्यवाद, क्लास रद्द.

आता दुसरी अडचण. मला घरी पोचायला साडेआठ होतात. मगरपट्ट्याच्या ट्रॅफिकमधून आल्यावर रात्री उड्या मारायचं त्राण नसतं. मुलगी साडेपाच वर्षांची. रविवार आहे फक्त हातात.

बालवाडीताई

बाबा, रात्रीची पंधरा मिनिटं गप्पा मारा. 'आज काय केलंस?' विचारलं तर उत्तर येतं 'काही नाही'. त्याऐवजी एक धागा हातात द्या. 'आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास? त्याच्या डब्यात काय होतं? मग तो काय म्हणाला?' घडून गेलेल्या गोष्टींबद्दल आई-वडील असे मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाच्या उत्तरात भर घालतात, तेव्हा मुलाला स्वतःचे अनुभव जास्त तपशिलाने आठवू लागतात. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांचं यावर बरंच संशोधन आहे. मुलीला चुकीचं आठवलं तर लगेच खोडू नका, 'हो का? मला वाटलं तेव्हा पाऊस होता' एवढंच म्हणा.

रविवारी मंडईत न्या. घरून निघताना तीन वस्तू तिच्याकडे सोपवा: आलं, लिंबं, कोथिंबीर. गाळ्यापाशी पोचल्यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. ती आठवेपर्यंत भाजीवाल्या मावशी थांबतात, बहुतेकींना कौतुकच असतं. तीन जमल्या की चौथी. नंतर 'लिंबं मिळाली नाहीत तर चिंच' अशी अट घाला, म्हणजे बेत बदलणंही आलं.

कधीतरी केळकर संग्रहालयात जा. सगळी दालनं बघायची घाई करू नका. अडकित्ते आणि दिवे एवढंच ठरवा. 'यात पक्षी कुठे कुठे लपलेत शोध.' काचेला नाक लावून मूल किती वेळ उभं राहतं बघा. घरी आल्यावर आठवतील ते काढायला कागद द्या. चित्र कसंही येऊ दे.

निशिगंध

आम्ही दत्तवाडीत दोन खोल्यांत पाच जण. पावसाळ्यात मुलं घरात कोंडली जातात. खेळणी फार नाहीत, घेणंही परवडत नाही. शिवाय सगळे सांगतात त्या पाट्या आणि कोडी महाग आहेत.

बालवाडीताई

निशिगंध, विकत काहीच घेऊ नका. आपल्याकडची बालशिक्षणाची परंपराच तशी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी, कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर: शिंपले, बिया, पानं, माती. माँटेसरीचं तत्त्व त्यांनी घेतलं आणि महागडी साधनं बाजूला ठेवली.

जुन्या लग्नपत्रिका कापा. दोन सारख्या पत्रिकांतून सारखेच तुकडे निघतात, गणपती, कलश, मोर, सनई. झाल्या जोड्या. उलटे मांडायचे, एका वेळी दोन उघडायचे. काचेच्या पेल्यांत कमी-जास्त पाणी घालून चमच्याने वाजवा, मूल पाठ करून बसलं की कुठला वाजला ते ओळखायचं. भोंडल्याची खिरापत ओळखतो तसं डब्यात काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. पाच जणांत कानगोष्टी तर झकास होतात. आणि चौघं-पाच जण असणं ही तुमच्याकडची मोठी गोष्ट आहे, वाकडच्या बाईंच्या मुलाला सवंगडी शोधावा लागतोय.

उघडीप मिळाली की सारसबागेसमोर गरवारे बालभवन आहे, तिथे मुलं मनसोक्त खेळतात. चौकशी करून बघा.

वाकडची_आई

ताई, खेळणी कमी केली. टीव्ही चार ते पाच बंद. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की पूर्वी आम्ही काचाकवड्या खेळायचो, तुळशीबागेतून कवड्या आण. काल दोघं मिळून दान मोजत होते. तो चहाच्या वेळेपर्यंत उठला नाही.

पण मी घरी आल्यावर सारखी विचारत राहते, 'काय करतोयस? हा रंग कुठला? किती ठोकळे?' ते बंद करायला हवं का?

बालवाडीताई

हो, तो रमलेला असताना बंद. तो तुमच्याकडे बघेल, काही दाखवेल, तेव्हा बोला. रंग आणि आकडे जिना चढताना विचारा.

निशिगंध

जोड्या केल्या, खूप आवडल्या. आता वेगळंच झालंय. थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. तो हरला की सगळे तुकडे उधळतो आणि रडतो. थोरली म्हणते मी याच्याशी खेळणारच नाही.

बालवाडीताई

चार वर्षांच्या मुलाला हरणं झेपत नाही, त्यात गैर काही नाही. आमच्या वर्गात तळ्यात-मळ्यातमध्ये कुणाला बाद करतच नाही. चुकला तो पुढच्या डावात पुकारणारा होतो. नाहीतर ज्याला सराव हवा तोच कोपऱ्यात बसून राहतो.

जोड्यांसाठी असं करा. सध्या दोघांचा मिळून एकच ढीग. दोघं एका बाजूला, घड्याळ दुसऱ्या बाजूला: स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत सगळ्या जोड्या लावायच्या. सहाच जोड्यांनी सुरू करा आणि तुकडे सरळ ओळींत मांडा. विखुरले की धाकट्याला जागा धरता येत नाही. थोरलीला सांगा की उत्तर माहीत असलं तरी बोट दाखवायचं नाही, फक्त 'वरच्या ओळीत' एवढंच सुचवायचं. तिलाही ते गप्प राहणं सोपं जाणार नाही, तिचाही सराव होईल. आठवडाभर हे नीट चाललं की मग दोन वेगळे ढीग करून बघा, पहिली पाळी धाकट्याला. कसं होतंय ते इथे कळवा.